छाप्याची बातमी आणि चालानचे कागद

महोदय,

स्पा सेंटरवर छापा पडला की ‘इतक्या मुली पकडल्या’ अशी बातमी येते आणि सोबत ओढणीने तोंड झाकलेल्या मुलींचा फोटो. छाप्यात सापडलेल्या महिलांना अटक किंवा दंड करू नये, ही सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीची शिफारस बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणातल्या मे २०२२ च्या आदेशात नमूद आहे. पण शब्दांचा हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवतो. खरी पडझड कागदांत होते.

इंदुरात थान्याचे टीआय (पोलीस निरीक्षक) आणि कोर्टातले एडीपीओ (सरकारी वकील, म्हणजे अभियोजक) यांची गाठ सहसा चालान, म्हणजे आरोपपत्र, तयार झाल्यावरच पडते. तोवर जे हुकले ते हुकलेच. १९५६ च्या अनैतिक व्यापार (देहव्यापार) प्रतिबंध कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या विशेष पोलीस अधिकाऱ्यानेच करायचा असतो. तो उपनिरीक्षकाच्या सहीने झाला, तर बचावाच्या वकिलाला आयताच मुद्दा मिळतो. विनावॉरंट झडतीची कारणे आधी लिहून ठेवावी लागतात. दोन पंच, त्यांतली एक तरी स्त्री, आणि सोबत दोन महिला पोलीस लागतात. अभियोजकाला आदल्या दिवशी विचारले, तर हे दहा मिनिटांत तपासून होते.

बनावट ग्राहकाकडच्या नोटांचे नंबर आधीच्या पंचनाम्यात येतात, ही जुनी पद्धत. आता पैसे क्यूआर कोडवर जातात आणि ते खाते बहुधा झाडूपोछा करणाऱ्या पोऱ्याच्या नावावर निघते. त्या खात्यातून पुढे पैसे कुठे गेले, हे बँकेकडून मागवले नाही तर मालक सुटतो. सीसीटीव्हीचे चित्रण काही आठवड्यांत पुसले जाते, म्हणून ते साठवणारा डीव्हीआर त्याच दिवशी जप्त व्हायला हवा. मोबाइल हाती आला की पोलिसांनी स्वतः चॅट उघडून पाहू नये. तो सील करावा, प्रत काढताना हॅश नंबर (मजकुरात फेरफार झालेला नाही हे दाखवणारा आकडा) नोंदवावा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबतचे, प्रमाणपत्र दोन भागांत असते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. चालानमध्ये तोच कोरा राहतो.

सगळ्यात मोठी चूक कलमांची. भारतीय न्याय संहितेचे मानवी तस्करीचे कलम १४३ लावले जाते, पण जबाबात फक्त छाप्याच्या रात्रीची हकिकत. मुलीला कोणी आणले, नोकरीचे की लग्नाचे आमिष दाखवले, तिकीट कोणी काढले, ‘उचल’ किती आणि ती कोणत्या वहीत, यातले काहीच नाही. मानवी तस्करीत पीडितेची संमती गैरलागू असते, पण धमकी, फसवणूक, प्रलोभन यांसारखे एखादे साधन वापरल्याचे सिद्ध करावेच लागते. तो पुरावा नसला, तर आरोप ठरवतानाच १४३ गळते. जामिनाचे गणितही इथेच आहे. एकाहून अधिक पीडित असतील, तर शिक्षा १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, म्हणून चालानला ९० दिवस मिळतात. एकच सज्ञान पीडिता असेल, तर ६० दिवसच धरून चालावे. एकसष्टाव्या दिवशी आरोपी बाहेर.

मुलीचा दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब त्याच रात्री उरकण्याची घाई नको. झोप, समुपदेशन आणि गरज असल्यास तिच्या भाषेचा दुभाषी, हे आधी. वयाबाबत शंका असेल तर शाळेचा दाखला, मग पालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, हा बालन्याय कायद्याच्या कलम ९४ चा क्रम. आपल्याकडे तो सर्रास उलटा फिरतो. मुलगी बांगलादेशी निघाली तर तिच्यावरच परदेशी नागरिक कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याचा मोह होतो. पीडितेवर असे चालान करू नये, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने १ मे २०१२ लाच कळवले आहे. आरोपी झालेली मुलगी सरकारी साक्षीदार म्हणून उभी तरी कशी राहणार?

खटला उभा राहीपर्यंत ती गावी गेलेली असते आणि समन्स ‘पत्त्यावर मिळाली नाही’ म्हणून परत येते. व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष घेता येते. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत धोक्याचा अहवाल पोलिसांनी ५ कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. पण अर्ज कोणी करायचा, यावर थाना अभियोजकाकडे बोट दाखवतो आणि अभियोजक थान्याकडे.

अभियोजकाने तपास चालवावा, असे मी म्हणत नाही. निष्कर्ष तपास अधिकाऱ्याचाच असावा, हे आर. सरला प्रकरणात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. सल्ला मात्र वेळेवर हवा, आणि केस डायरीत त्याची तारीख हवी.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. छाप्यानंतर साठाव्या दिवशी थान्यात एक फोन करावा: चालान गेले का, १४३ त्यात आहे का, आणि ते क्यूआर कोडचे खाते कोणाचे निघाले?

– एक वकील वाचक, रामबाग, इंदूर