आईंच्या रिपोर्टवरचा 'एच'

गंगापूर रोड, नाशिक
गुरुवार, रात्री

प्रिय मन्या,

काल फोनवर "रक्तात गाठ आहे म्हणतात रे" म्हणालास आणि पुढं तुला बोलवेनाच. म्हणून आज दवाखाना आटोपून थेट पंचवटीत तुझ्या आईंकडे गेलो. नुसतं सांगितलं तर तू पुन्हा गुगल करत बसशील, म्हणून लिहूनच काढतो.

आधी पाय पाहिले, कारण पायात गुठळी असली तर बहुधा तो एकच पाय सुजतो. त्यांच्याच शिवणाच्या टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली. डावी ३१.५, उजवी ३२. फरक ३ सेंटिमीटरच्या वर गेला असता तर माझे कान टवकारले असते. "ब्लाऊज शिवतोयस की काय?" आई म्हणाल्या. धाप नाही, छातीत दुखत नाही, नाडी ७६. सकाळीच रामकुंडावर जाऊन आल्या होत्या!

मग रिपोर्ट. डी-डायमर ६९०, मर्यादा ५००, पुढं ठळक 'एच', म्हणजे 'हाय', जास्त. ही तपासणी कुणी सांगितलीच नव्हती, हेल्थ चेकअपच्या पॅकेजात आली. गुठळी विरघळताना उरणारे तुकडे ती मोजते. पण ते वयानं वाढतात, साध्या इन्फेक्शननंही वाढतात. त्यामुळे ती 'नाही' म्हणाली तर ऐकावं, 'आहे' म्हणाली तर आधी माणूस बघावा.

२०१४ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या १९ केंद्रांचा अभ्यास आला, फुफ्फुसात गुठळीचा संशय असलेल्या रुग्णांवरचा. पन्नाशीनंतर मर्यादा ५०० ऐवजी वय गुणिले १० धरली. संशय फार दाट नसलेल्यांपैकी ५०० आणि नव्या मर्यादेच्या मधे आलेल्या ३३१ जणांना रक्त पातळ करायचं औषध न देता ३ महिने पाहिलं; गुठळी एकालाच निघाली. आई ७४ च्या, म्हणजे मर्यादा ७४०. (डी-डायमर एफईयू किंवा डीडीयू अशा दोन एककांत देतात, आणि ही मर्यादा एफईयूतली. एकक आधी बघितलं, एफईयूच आहे. डीडीयू असतं तर आकडा साधारण दुप्पट धरावा लागला असता.) आणि ते रुग्ण निदान संशयित तरी होते. आईंच्या बाबतीत संशय घ्यायलाच जागा नाही.

पूर्वी अशाच आकड्याला घाबरून मी एका आजोबांना सीटी स्कॅनला पाठवलं होतं. गुठळी नव्हतीच, वर स्कॅनसाठी टोचलेल्या डायनंतर क्रिएटिनिन चढलं, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आला. आठवडाभर मला झोप नाही.

तर आईंचा शनिवारी ठरलेला सीटी रद्द केलाय. एक पाय सुजला, दम लागला तर रात्री दोनलाही मला उठवायचं, हे आईंना आणि शेजारच्या काकूंना बजावलंय. रिपोर्ट त्यांनी पोथीत ठेवला होता, तो मी काढून आणला. आणि टेप खिशातच राहिली, उद्या नेऊन देतो.

तुझा,
बाळ्या