पावतीवरच्या ‘हस्ते’साठी

मेहताजी, नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायचा मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा ‘छोडो ना वहिनी, गुडघा कसा आहे?’ म्हणत तुम्ही विषय बदललात. म्हणून आता चारचौघांदेखत लिहिते आहे. इथं तुम्हाला मधेच तोडता येणार नाही. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. तसंही आमच्या वाडीत तुमचं खरं नाव कुणाला ठाऊक होतं? भाडं वसूल करणारा म्हणजे मेहताजी, एवढंच. पावतीवरची सही म्हणजे एक वेटोळं आणि खाली दोन टिंबं.

मी १९८४ साली लग्न होऊन परळच्या या वाडीत आले, तुम्ही माझ्यानंतर दोन वर्षांनी. ८२ च्या संपात सासऱ्यांची गिरणी गेली ती गेलीच. घरात तेव्हा महिन्याची ७ तारीख आली की सासूबाईंचा चेहरा उतरायचा, कारण ७ ला तुम्ही यायचात. काळी रेक्झिनची पिशवी, तिच्यात पावतीपुस्तक, दोन कार्बन आणि रबरबँड लावलेल्या नोटा. खाटेवर कधी बसला नाहीत. उंबऱ्यापाशी स्टूल ठेवायचं, त्यावर बसून आधी पाणी, मग पैसे मोजणं, मग लिहिणं. भाडं एका ओळीत, दुरुस्तीचा उपकर दुसऱ्या ओळीत. मी पालिकेच्या शाळेत ३४ वर्षं पोरांचं अक्षर तपासलं, त्यामुळे तुमचं अक्षर पहिल्याच पावतीला नजरेत भरलं होतं. शब्दांच्या डोक्यावर रेघच नसायची. गुजरातीत वळलेला हात मराठी लिहितानाही रेघ द्यायला विसरतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं होतं, या माणसाला घाई फार.

आता आभाराच्या पत्रात हे लिहावं की नाही माहीत नाही, पण लिहिते, कारण ते झालं नाही असं दाखवून आभार मानणं मला जमणार नाही. या वाडीची जी दशा झाली ती तुमच्या डोळ्यांदेखत झाली, आणि दर महिन्याला आमच्या तक्रारीवर तुमचं एकच उत्तर असायचं: ‘शेठला सांगतो.’

तीन इमारती, ९६ बिऱ्हाडं, मधे फरसबंद अंगण. मी आले तेव्हा जिन्याचे सागवानी कठडे हाताच्या घामानं गुळगुळीत झालेले होते. ते आधी खिळखिळे झाले, मग जिथं तुटले तिथं सुतळी बांधली गेली, मग सुतळीच्या जागी केबलची जुनी वायर आली. टाकीचं झाकण एका पावसाळ्यात उडालं, त्यावर आम्हीच पत्रा टाकून दगड ठेवला. अ इमारतीच्या मागच्या भिंतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाच्या पाइपाला लागून, पिंपळ उगवला. सुरुवातीला दोन पानं होती. ‘मेहताजी, आत्ता उपटलं तर हातानं निघेल,’ असं माझे मिस्टर तुम्हाला म्हणाले होते. शेठला सांगतो. पुढं त्याची मुळं भिंतीतून आत शिरली आणि सार्वजनिक मोरीच्या लाद्या उचलल्या गेल्या. आता त्याच्यावर कावळ्याचं घरटं आहे.

२००६ च्या जुलैत जिन्यावरचा दिवा गेलेला असताना मिस्टर घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. ७ तारखेला तुम्ही आलात तेव्हा मी पैसे स्टुलावर ठेवले आणि पाणी विचारलं नाही. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी, भाड्याचा दिवस नसताना, शंभर वॅटचा बल्ब घेऊन आलात आणि स्वतः स्टुलावर चढून लावलात. चार दिवसांत तो चोरीला गेला, ती गोष्ट वेगळी. मला अजूनही ते पाणी न विचारणं टोचतं, आणि अजूनही वाटतं की त्या दिवशी मी बरोबरच होते.

तुमची बाजूही तुम्ही एकदाच सांगितली होती. म्हणालात, ‘वहिनी, सगळ्या खोल्या मिळून सहा हजार भरत नाही. पंपाचं बिल, झाडूवाला, सफाईवाला. उरलं काय?’ त्यात खोटं नव्हतं. आमच्यासारख्या जुन्या इमारतींचं भाडं १ सप्टेंबर १९४० ला जे होतं तिथंच कायद्यानं गोठवलेलं. २००० साली नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळू लागली, पण ४ टक्के कशावर? मालकानं दुरुस्ती करायची नाही कारण भाडं येत नाही, आणि आम्ही जादा द्यायचं नाही कारण खोली घेताना पागडीची ठोक रक्कम आधीच मोजलेली. या भांडणात दोन्ही पक्ष बरोबर आणि इमारत मात्र खाली येत राहिली.

त्याच दिवशी तुम्ही मला कायदा शिकवलात. मालकाच्या माणसानं भाडेकरणीला! मालक दुरुस्ती करत नसेल तर निदान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, तरी नाही केली तर आपण करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. मी हरखले. मग तुम्ही हळूच पुढचं सांगितलंत की वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त वळतं करता येत नाही. आमचं भाडं महिना ६१ रुपये. वर्षाचे ७३२, चौथा हिस्सा १८३. १८३ रुपयांत गवंडी जिना चढून वर आला असता, एवढंच. आपण दोघंही हसलो होतो. सासूबाई आतून ओरडल्या, ‘काय झालं गं?’

२०११ मध्ये वाडी विकली गेली. नव्या मालकाचा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही. वॉचमन गेला, झाडूवाला आठवड्यातून एकदा येऊ लागला. २०१४ मध्ये म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची माणसं येऊन टेकू लावून गेली, त्यातला एक माझ्या खोलीत, खाट आणि कपाट यांच्या बरोबर मधे. पाहुणे आले की त्याला वळसा घालून बसायचे. मी त्याला खिळा मारून कॅलेंडर टांगलं, त्यावर ७ तारखेला गोल. पुढच्या वर्षी जुलैत रात्री तीनच्या सुमाराला ब इमारतीची गॅलरी पडली. माणूस कुणी गेलं नाही. ३२ बिऱ्हाडं प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात गेली. जाताना सगळ्यांनी दारांना कुलपं घातली. भिंतच नव्हती काही ठिकाणी, पण दाराला कुलूप होतं.

सासूबाई तेव्हा डोंबिवलीला होत्या. संडास गॅलरीच्या टोकाला, चालवत नेणंही अवघड, म्हणून जून २०१५ मध्ये त्यांना नणंदेकडं ठेवलं होतं. मिस्टर २००९ मध्येच गेलेले. मी इथंच राहायची, कारण शाळा इथं, आणि शनिवारी डोंबिवली गाठायची. पावती सासूबाईंच्या नावावर. १३ महिने असे गेले. आषाढी झाल्यावर ‘मला माझ्या खोलीत ने’ म्हणून त्यांनी अन्न सोडलं, तेव्हा वाडीतल्या चार पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन मजले वर आणलं. कठड्याला कुणी हात लावला नाही. ऑगस्टमध्ये त्या इथंच गेल्या.

सप्टेंबरच्या ७ तारखेला तुम्ही आलात, स्टुलावर बसलात, पण पिशवी उघडली नाही. ‘तुमच्या खोलीचं भाडं घ्यायचं नाही, वरून सांगितलंय.’ कारण विचारलं तर मान खाली. जिना उतरायला लागलात. मग मधल्या वळणावरून परत वर आलात. तो आवाज मला अजून आठवतो, कारण तुम्ही कधीच परत वर यायचा नाहीत. दारातून म्हणालात, ‘मनीऑर्डर करा, दर महिन्याला. परत येईल. परत आलेला कागद फेकू नका.’ आणि गेलात.

मी केली. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ती परत आली. ते सगळे कागद लोणच्याच्या बरणीशेजारच्या डब्यात जमवले.

२०१८ मध्ये पुनर्विकासासाठी भाडेकरूंची यादी होऊ लागली तेव्हा समजलं की काय शिजत होतं. कायदा म्हणतो, भाडेकरू वारला की त्याच्यासोबत त्या वेळी राहत असलेल्या घरच्या माणसाकडं भाडेकरूपण येतं. मालकाचं म्हणणं, म्हातारी १३ महिने डोंबिवलीला, सून तिच्यासोबत तिकडेच, खोली बंद, शेवटच्या महिन्यात हक्कासाठी आणून ठेवली. माझ्या नावापुढं पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘खोली बंद’. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, सगळं दाखवलं. त्यावर उत्तर की कागदावर नाव असतं, माणूस असतोच असं नाही. वीजबिल तर अजून मिस्टरांच्या नावावर! ३२ वर्षं ज्या घरात स्वयंपाक केला तिथं आपण राहत होतो हे कसं सिद्ध करायचं, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. मला त्या रात्री काही सुचलं नव्हतं.

वकीलताईंनी पावत्या मागितल्या. मी रबरबँड काढून एकेक मांडत गेले. त्यांचं बोट एका जागी थांबलं. पावती सासूबाईंच्या नावाची, पण खाली, सहीच्या वर, बारीक अक्षरात: ‘ह.’ आणि पुढं माझं नाव. ‘खोलीवर रोख.’ आणि तारीख. जून २०१५ च्या पावतीवर. जुलैच्या. ब ची गॅलरी पडली त्याच महिन्याच्या पावतीवरसुद्धा. तेराच्या तेरा. हस्ते, म्हणजे पैसे ज्याच्या हातून आले तो. डोक्यावर रेघ नसलेलं ‘ह’.

मी ते इतकी वर्षं पाहत होते आणि वाचलं कधीच नव्हतं.

यादीच्या सुनावणीला तुम्ही भायंदरहून आलात. वय ६६, नोकरी सुटून वर्ष झालेलं. स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंत की १३ महिने दर ७ तारखेला दार याच बाईंनी उघडलं. साहेबांनी विचारलं, ‘तुम्ही तर मालकाचे. पावती भाडेकरूच्या नावानं फाडली की झालं, हस्ते लिहायची गरज काय होती?’ तुम्ही जरा गोंधळून पाहिलंत, म्हणजे प्रश्नच कळला नाही असं. म्हणालात, ‘पैसा बाईंनी दिला. मग लिहू कोणाचं?’ मालकाचा माणूस समोर बसला होता. तुम्ही त्याच्याकडं पाहिलं नाहीत आणि माझ्याकडंही नाही. बाहेर आल्यावर मी चहा घेऊ म्हटलं, तर विरार फास्ट चुकेल म्हणून निघून गेलात.

तुमचे ग्रॅच्युइटीचे पैसे तेव्हा त्याच मालकाकडं अडकलेले होते, हे मला गेल्या दिवाळीत भाभींकडून कळलं. तुम्ही तर सांगणारच नव्हतात. ते पूर्ण मिळाले का, हेही त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात आहे.

यादीत माझं नाव पेनानं लागलं. २०१९ पासून पावतीही माझ्या नावावर येते. नवी इमारत अजून कागदावरच आहे, ब ची माणसं अजून प्रतीक्षानगरलाच आहेत, टेकू जागच्या जागी. हल्ली भाडं मोबाइलवरून जातं. एक मुलगा आहे, तो व्हॉट्सअ‍ॅपवर पावती पाठवतो. नीटनेटकी असते, रेघा सरळ. त्यात हस्तेचा रकाना नाही. मी त्याला एकदा विचारलं तर म्हणाला, ‘आंटी, ते काय असतं?’ सांगितलं, पण त्याला दुसरा फोन आला.

मेहताजी, तुमच्यावरचा माझा राग संपूर्ण गेला असं समजू नका. पिंपळाचा हिशेब बाकी आहे. पण त्यासाठी तुम्हाला इथं यावं लागेल, स्टुलावर बसावं लागेल आणि या वेळी पाणी, चहा, पोहे, सगळं घ्यावं लागेल. गणपतीत येऊ नका, लालबागच्या गर्दीत सापडाल. एल्फिन्स्टनचा जुना पूल बंद आहे, तेव्हा स्टेशनच्या पादचारी पुलावरूनच पूर्वेला उतरा. वाडीचं फाटक अर्धंच उघडतं. जिना चढताना भिंतीकडून या, वळणावरची तिसरी पायरी नाही, ती ओलांडा. आणि कठडा धरू नका. बल्ब मी लावला आहे.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची वहिनी