रविवारची धाव : सगळ्यांनी वाचा

मंडळी, रविवारी पहाटे साडेपाचला शाळेसमोरून निघायचं आहे. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, सराव नसेल त्यांनी धानाच्या बांध्यांपर्यंत जाऊन परत यावं, उगाच हट्ट नको.

धाव आपल्या सदस्याच्या पोरीसाठी आहे. मेंदूज्वरातून ती वाचली, पण चमचा धरताना बोटं अजून थरथरतात, बोलताना शब्द अडकतात. ताप उतरला म्हणजे आजार संपला असं नसतं. फिजिओथेरपी खूप दिवस चालते, जमा होणारा प्रत्येक रुपया त्यालाच. वर्गणी शनिवारपर्यंत खजिनदारांकडे द्या, पावती घ्या.

आणखी एक. मेंदूज्वराचा चांदीपुरा विषाणू 1965 मध्ये आपल्याच नागपूरकडच्या चांदीपुरा गावात सापडला. तो पसरवणारी वाळूमाशी भिंतींच्या भेगांत राहते, त्या लिंपून घ्या. लेकराला ताप येऊन झटके आले तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा.