सूचना : रविवारच्या बैठकीला ‘तुम तेव’ वाचून या

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय आहे ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या भाषेतल्या, साहित्याचे अभ्यासक जॉर्ज चिगस आणि त्यांनी इंग्रजीत आणलेलं ‘तुम तेव’ हे कंबोडियाचं काव्य. बोतुमथेर सोम या भिक्खूंनी १९१५ साली ते रचलं. कथा मात्र त्याहून खूप जुनी.

गोड गळ्याचा तरुण भिक्खू तुम आणि त्याची तेव. सुभेदाराच्या हुकमावरून तुमला बोधिवृक्षाखाली ठार मारतात, तेव त्याच्या देहाशेजारीच जीव देते. इथवर प्रेमकथा म्हणून वाचून पुस्तक मिटू नका, ही कळकळीची विनंती. खरी गोष्ट पुढे आहे. राजा संतापतो आणि गुन्हेगार सुभेदाराच्या साऱ्या नातलगांना गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यांच्यावरून लोखंडी कुळव फिरवायला लावतो. एकाचा अपराध, शिक्षा अख्ख्या गोतावळ्याला. ते पान वाचताना माझा हात थांबला होता.

हे भाषांतर २००५ मध्ये नोम पेन्हच्या ‘डॉक्युमेंटेशन सेंटर ऑफ कंबोडिया’ने छापलं. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियावर असलेल्या ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी गटाच्या राजवटीत सुमारे १७ ते २० लाख माणसं मेली. त्या काळाचे कागद आणि साक्षी जपणारी ही संस्था. तिने एक प्रेमकाव्य का छापलं असेल, यावरच चर्चा व्हावी असं मला वाटतं.

शेवटचा भाग दोनदा वाचा. पुस्तकाची प्रत हवी असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा.

– संयोजक