नाना, तुम्ही मुदतीचे अर्ज वाचलेत

ती. नाना,
सा. न. वि. वि.

अमळनेरच्या कोर्टात माझं बिनसलंय हे सगळ्यात आधी तुमच्या लक्षात आलं. बाररूममध्ये कुणाला कळलं नाही, घरीही नाही. युक्तिवादाची टिपणं तयार असलेल्या वाटणीच्या दाव्यातही मी मुदत मागत होते, आणि कारण दरवेळी एकच: ‘तयारीसाठी वेळ मिळावा.’ माझे कारकून म्हणून ते अर्ज टाइप तुम्हीच करायचात. एका संध्याकाळी फायली बांधता बांधता तुम्ही एवढंच विचारलंत, “ताई, तुमले झोप लागस का?”

वकिलाने खचायचं नसतं, असं सगळे धरून चालतात. दिवसभर भावकीची भांडणं, पोटगी, अपघाताची भरपाई. पुढे काय काय बिघडेल याचाच विचार. आणि हरलेल्या निकालाची नक्कल पक्षकाराच्या हाती द्यायची तीही आपणच. आजारपणाची रजा नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत २८ टक्के वकिलांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली होती. मला त्याचं जराही नवल वाटत नाही.

तुम्ही उपदेश केला नाहीत. कोर्टात माझी कामं कमी असलेला दिवस बघून मला जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलंत आणि बाहेर बाकावर बसून राहिलात. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. ते आठवडे तुम्ही निभावून नेलेत. रोज एकच फाइल माझ्यापुढे ठेवायचात. बाकीच्या कुणाकडे द्यायच्या ते मला विचारून ठरवायचात. चौकशी करणाऱ्याला “ताईंची तब्येत बरी नाही” यापुढे एक शब्द नाही. गावात बोभाटा झाला तर पक्षकार वकीलपत्र काढून घेतील, ही माझी धास्ती तुम्ही न सांगता ओळखलीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. ते बंधन डॉक्टरांवर आहे, तुमच्यावर नव्हतं. तरी तुम्ही ते पाळलंत.

हे उघडपणे लिहितेय, कारण चोपडा, धुळे, नंदुरबार, कुठल्याही कोर्टात माझ्यासारखं मुदतीमागून मुदत मागणारं कुणी असेल. त्यांच्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

माझ्या गोळ्या चालू आहेत आणि सगळ्या फायली परत माझ्याकडे आल्यात. आईला मी सगळं सांगितलंय. रविवारी काकूंना घेऊन वरण-बट्टी खायला या, तिला तुम्हाला भेटायचंय.

तुमची,
ताई