समुद्र झाकून विकलेल्या समुद्रसफरीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : माहितीपत्रकात दाखवलेला फेरफटक्याचा डेक आणि दुपारची घोषणा जहाजावर नसल्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात मी आणि माझे वडील आपल्या जहाजावरून सात रात्रींची सफर करून आलो. केबिन स्वच्छ होती, कर्मचारी अगत्याने वागले. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

वडिलांनी एकतीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. त्यांच्या वाट्याला समुद्र यायचा तो पाळी संपल्यावर, कठड्याला टेकून, अर्धा तास. निवृत्तीनंतर एकदा तरी प्रवासी म्हणून जावं, डेकवर नुसतं बसून राहावं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून मी आपलं माहितीपत्रक नीट वाचून बुकिंग केलं. त्यात 'जुन्या समुद्रप्रवासाची परंपरा' असे शब्द आहेत. लाकडी डेक, ओळीने मांडलेल्या आरामखुर्च्या आणि पलीकडे मोकळं पाणी, असा पानभर फोटोही आहे.

असा डेक आपल्या जहाजावर कुठेही नाही. नकाशात 'प्रोमेनाड', म्हणजे फेरफटक्याची जागा, असं लिहिलेली जागा म्हणजे जहाजाच्या पोटातली दुकानांची गल्ली निघाली. तिथे सकाळ आहे की रात्र, हेही कळत नाही. बाहेरून एक अरुंद पट्टी आहे, पण तिच्यावरून साठेक पावलं गेलं की 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी असलेलं दार येतं. पाणी कापत जाणारा जहाजाचा पुढचा भाग जिथून दिसतो, ती जागा महागड्या केबिनवाल्यांसाठी राखीव. वरच्या डेकवर तरणतलावाभोवती उंच काचा आणि दिवसभर मोठ्याने गाणी. पहिल्याच संध्याकाळी वडील त्या दारापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, "मालवाहू जहाजावर मी निदान चारही बाजूंनी फिरत तरी होतो गं."

दुसरी गोष्ट कुणाला क्षुल्लक वाटेल, मला वाटत नाही. दुपारी बारा वाजता जहाजाचे अक्षांश-रेखांश, वेग आणि चोवीस तासांत कापलेले सागरी मैल प्रवाशांना सांगायचे, ही प्रवासी जहाजांवरची जुनी पद्धत. आपल्या माहितीपत्रकातही तिचा उल्लेख आहे. वडिलांनी त्यासाठी खास वही आणली होती, रकाने आखून. बाराला घोषणा झाली ती घड्याळांच्या सवलतीची. स्वागतकक्षात विचारलं तर ॲप बघा म्हणाले, आणि ॲपमधला नकाशा इंटरनेटचे वेगळे पैसे भरल्याशिवाय उघडेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही बॅगेत ठेवून दिली.

हॉटेलसारखं जहाज बांधण्यात चूक आहे असं मी म्हणत नाही. जेट विमानं आली, लोक समुद्र ओलांडायला बोटीने जाईनासे झाले आणि जहाज हेच मुक्काम झालं, हे मलाही कळतं. मुलाबाळांना घेऊन येणाऱ्यांना ते आवडतं, त्यांना ते मिळावं. पण सुखसोयी हव्या असतील तर समुद्र सोडावा लागतो, हे मात्र खरं नाही. 2004 साली सेवेत आलेल्या 'क्वीन मेरी 2'वर नाट्यगृह, ग्रंथालय, तरणतलाव सगळं आहे, आणि सातव्या डेकवरून आख्ख्या जहाजाला पायी प्रदक्षिणाही घालता येते. ते जहाज 345 मीटर लांब आहे! आखणाऱ्याच्या मनात असेल तर जागा निघते.

आपण माहितीपत्रकात सकल टनेजचा आकडा ठळक छापला आहे. वडिलांनी मला समजावलं की ते जहाजाचं वजन नव्हे. आतल्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेलं ते माप आहे. म्हणजे ज्या आकड्याचा आपण अभिमान धरता तो भिंतींच्या आत किती जागा आहे एवढंच सांगतो. आम्ही पैसे भरले होते ते भिंतींबाहेरच्या जागेसाठी.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. जहाजावर नसलेल्या डेकचा फोटो माहितीपत्रकातून आणि संकेतस्थळावरून काढावा. कोणत्या डेकवर कुठपर्यंत मोकळ्या हवेत चालता येतं आणि कुठली जागा कुणासाठी राखीव आहे, हे बुकिंगच्या आधी नकाशात स्पष्ट दाखवावं. दुपारची घोषणा पुन्हा सुरू करावी. तिला दोन मिनिटं लागतात आणि खर्च काहीच नाही. खोट्या वर्णनापोटी दोघांच्या भाड्यातली काही रक्कम परत करावी. किती, ते आपण कारणासह लेखी कळवावं. सवलतीचं कूपन मला चालणार नाही.

आणखी एक. आपल्या ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातल्या, लॉगबुकात त्या सातही दिवसांच्या दुपारच्या नोंदी असतीलच. त्या तारखा, अक्षांश-रेखांश आणि मैल एका कागदावर लिहून पाठवावेत. वडिलांच्या वहीतले रकाने अजून रिकामे आहेत. बाकीच्या उत्तराला महिना लागला तरी हा कागद पंधरा दिवसांत मिळावा, ही विनंती.

आपली,
एक प्रवासी

सोबत : तिकिटांच्या प्रती, माहितीपत्रकाचं संबंधित पान, बंद दाराचे दोन फोटो