बंड्या, त्या स्टिरॉइडला घाबरू नकोस

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचून हसूच आलं, अक्कलदाढ काढायचीय त्याचं काही नाही पण डॉक्टर स्टिरॉइड देणार म्हणून तुझी झोप उडाली! अरे जिमवाले घेतात ते वेगळं रे. हे डेक्सामेथासोन, आपल्याच शरीरात कॉर्टिसोल बनतं ना त्याच्या जातीचं, फक्त साधारण 25 पट जोरदार. आणि एखाद्या डोसने काही तोंड गोल होत नाही, ते महिनोन्‌महिने घेणाऱ्यांचं.

माझ्या खालच्या दोन्ही निघाल्या. पहिल्या वेळी स्टिरॉइड नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी खूश, सुटलो म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी उठतो तर गाल टम्म! ही सूज 48 ते 72 तासांनीच सगळ्यात जास्त असते म्हणे. पण खरा वैताग तोंड उघडण्याचा. एरवी तीन बोटं एकावर एक आत जातात, तिथं एक कसंबसं, ब्रश आडवा सरकवून पुढचेच दात घासत होतो. दुसऱ्या वेळी दाढ काढायच्या आधीच 8 मिग्रॅ डेक्सा दिलं, तर तिसऱ्या दिवशी दोन बोटं आरामात. आता ती दाढ जरा सरळ होती, त्यामुळे सगळं श्रेय औषधाला नको द्यायला.

आधीच देतात कारण सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन वगैरे जी रसायनं असतात ती बनायच्या आतच अडवायची असतात, गाल फुगल्यावर काय उपयोग. एका डोसचा परिणाम दीड-दोन दिवस तरी टिकतो.

दुखणं मात्र यानं फारसं थांबत नाही हां, पेनकिलर वेळेवर घ्यायचीच. ड्राय सॉकेटलाही (दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडतं ना, ते) हे अडवत नाही, तेव्हा सिगरेट आणि स्ट्रॉ बंद म्हणजे बंद, मला माहितीय तू कसा आहेस ते.

आणि मूळ मुद्दा, तुझ्या शुगरचं डॉक्टरांना सांगितलंस का? नसशील तर आजच फोन कर, स्टिरॉइडने ती एकदोन दिवस वर जाते, मग द्यायचं की नाही ते तेच ठरवतील. मागे तुला अल्सर झालेला तेही सांग. शक्यतो सकाळची वेळ घे, स्टिरॉइडने झोप उडते, माझं संध्याकाळी झालं आणि मी रात्री 3 पर्यंत टक्क जागा, गालाला बर्फ लावून पंखा बघत.

तिसऱ्या दिवशी फोटो पाठव, आणि किती बोटं जातात ते कळव.

तुझाच,
पक्या